घंटा झाली की बसायचं

समुद्र आजच्याइतका खारट झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. खाडीकाठच्या एका गावातली सगळी माणसं कधीकाळी मिठागराच्या मालकाची गुलाम होती. पहाटे घंटा झाली की उठायचं, नाहीतर पाठीवर चाबूक. गुलामी संपली, तशी गावानं ती घंटा चिंचेला टांगली. दरवर्षी सुटकेच्या दिवशी पंगत मांडायची, घंटा वाजवायची, आणि वाजली की सगळ्यांनी मुद्दाम खाली बसायचं! त्या दिवशी गावचा कोंबडासुद्धा बसूनच आरवे.

गावात एक म्हातारी होती. तिच्या धाकट्या बहिणीला मालकानं लहानपणीच गलबतावर विकलं होतं. म्हातारी दरवर्षी शेजारी बहिणीचं पान मांडायची आणि खाडीकडे बघत राहायची.

"आजी, साठ वर्षं झाली. तो भात कावळेच खातात," पाटील म्हणायचा.

"खाऊ देत. कावळे लांब उडतात बाबा. एखादा सांगेल तिला, पान वाढलंय म्हणून."

एका वर्षी ऐन पंगतीच्या वेळी पलीकडच्या बेटावरून एक मुलगी पोहत आली. तिथं अजून गुलाम होते. "धरायला येतायत," एवढंच ती बोलली.

पंगतीत मोकळं पान एकच. म्हातारीनं पानाकडे बघितलं, खाडीकडे बघितलं. मग तिनं घरातलं आपलं सुकं लुगडं आणून मुलीला नेसवलं, डोक्यावर पदर ओढला. "बस गं बाई. भात गरम आहे."

तेवढ्यात बेटावरचा मुकादम होडी घेऊन आला. सगळे पदर सारखेच! तो म्हणाला, "आत्ता कळेल. घंटा ऐकली की गुलाम उठतोच." आणि त्यानं घंटा बडवली.

गाव बसून राहिलं. पण मुलीचे पाय ऐकेनात. ती उठून उभी राहिली. मुकादम हसला.

म्हातारी गुडघ्यांवर हात टेकत उठली. त्या घंटेला पुन्हा उठणार नाही, अशी तिची शपथ होती. मग पाटील उठला. मग अख्खी पंगत.

"ने की सगळ्यांना," म्हातारी म्हणाली. "होडीत मावतील का बघ. आमचा पाटील एकटाच तिघांएवढा आहे."

मुकादमानं दोनशे माणसं बघितली, आपले दोन हात बघितले, आणि होडीकडे धूम ठोकली.

पुढच्या वर्षी म्हातारीनं पुन्हा एक पान जास्त मांडलं.

"आता मी आले ना, आजी?"

"तू आलीस गं. ती यायचीय अजून."

मग दोघीही खाडीकडे बघत बसल्या.

तात्पर्य: आपली सुटका झाली, तर खुशाल बसावं, दुसऱ्याची राहिली असेल, तर मात्र उठावं.