हंडीचा खालचा थर

एका तालुक्याच्या गावात एक कॉलेज होते आणि त्या कॉलेजात हेरंब नावाचा मुलगा शिकत होता. गावाचे नाव कशाला सांगायचे? कुठलेही घ्या, हसणारे सगळीकडे सारखेच असतात.

हेरंब अंगाने चांगलाच जाड होता. चालला की पोट हलायचे, हसला की गाल. आईने हौसेने गणपतीचे नाव ठेवले होते. पण गाव असे, की भाद्रपदात ज्या पोटापुढे हात जोडायचे, तसलेच पोट पोराला असले की त्याच्याकडे बघून दात काढायचे. शिवाय हेरंबला मुलगे आवडायचे, मुली नाहीत. पोट सगळ्यांना दिसत होते. दुसरी गोष्ट त्याने होस्टेलवरच्या एका मित्राला विश्वासाने सांगितली. दुसऱ्या दिवशी त्याची गादी व्हरांड्यात पडलेली होती.

कॉलेजात त्याच्यासारख्यांची एक खोली होती. जिमखान्यामागे, पूर्वी मोडकी बाके टाकत तिथे. मुलग्यांवर जीव जडलेले मुलगे आणि मुलींवर जीव जडलेल्या मुली तिथे संध्याकाळी जमत. इरावतीही येई. तिला घरच्यांनी मुलगा म्हणून वाढवले होते, पण आपण मुलगी आहोत हे तिने कॉलेजात आल्याबरोबर सगळ्यांना सरळ सांगून टाकले होते. दारावर खडूने मोठ्या अक्षरांत लिहिले होते, 'इथे सगळ्यांना जागा आहे.' ते लिहिले होते शर्विलने. तो या खोलीचा म्होरक्या.

हेरंब पहिल्यांदा आला तेव्हा इरावतीने सरकून त्याला बसायला जागा दिली. कोणीतरी मोबाइलवर ताशा लावला आणि हेरंब उठून नाचायला लागला. शाळेत एकदा हसे झाल्यापासून तो नाचलाच नव्हता. त्या संध्याकाळी त्याला पोटाची आठवणच राहिली नाही.

पुढे गोकुळाष्टमी जवळ आली. कॉलेजच्या मैदानात दरवर्षी दहीहंडी बांधत आणि वर्गावर्गांची पथके थर लावत. यंदा आपल्या खोलीचेही पथक उतरवायचे, असे शर्विलने ठरवले. सगळे खूश झाले, हेरंब सगळ्यांत जास्त. थर लावण्याआधी पथक मैदानात गोल करून नाचते. त्याला हंडीशी काही देणेघेणे नव्हते. त्याला त्या गोलात नाचायचे होते, अख्ख्या कॉलेजासमोर.

शर्विल दिसायला देखणा होता. दंड कमावलेले, पोट सपाट. ते तसे राहावे म्हणून त्याने भात कधीचाच सोडला होता. त्याने पथकासाठी बिनबाह्यांचे टी-शर्ट आणले आणि एकेकाला वाटत तो हेरंबपाशी येऊन थांबला.

"तू बाजूला उभा राहून पाणी मार," तो म्हणाला. "वाईट वाटून घेऊ नकोस. फोटो निघणार आहेत. आधीच लोक आपल्याला हसतात, तुला पुढे पाहिलं तर त्यांना आयतंच निमित्त मिळेल." मग तो इरावतीकडे वळला. "आणि तू मागच्या रांगेत राहा. हनुवटीवर खुंट दिसतात."

खरा संताप येतो तो इथे. होस्टेलवाल्यांनी गादी फेकली, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. पण शर्विलला शाळेत त्याच्या चालण्यावरून पोरांनी रोज रडवले होते. चटका काय असतो हे ज्याला ठाऊक, त्यानेच दुसऱ्याच्या तळहातावर निखारा ठेवावा? ठेवला, आणि वर वाईट वाटून घेऊ नकोस म्हणाला.

चूक आपल्या अंगाचीच आहे असे हेरंबने धरले. मेसमध्ये तो नुसते ताक पिऊन उठू लागला. इरावतीने विचारले तेव्हा म्हणाला, "दहीहंडीपर्यंत निदान बघण्यासारखा तरी होईन." अशात एके दिवशी वर्गात घेरी येऊन तो पडला. मागून कोणीतरी म्हणाले, "फरशी फुटली का बघा रे." वर्ग हसला.

इरावतीने त्याला बाहेर नेऊन साखरपाणी पाजले.

"शर्विलने तुला पथकाबाहेर काढलं," ती म्हणाली, "आणि तू स्वतःलाच स्वतःच्या अंगाबाहेर काढायला निघालास होय रे?"

त्या दिवशी हेरंब पोटभर जेवला.

इकडे सरावात थर उभे राहीनात. शर्विलने सगळे सडपातळ आणि देखणे निवडून घेतले होते, तळाशी घट्ट उभे राहणारे कोणीच नव्हते. थर लागायचा आणि कोसळायचा. शर्विलचे कोपर फुटले तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. अडला हरी गाढवाचे पाय धरी. खोलीत सगळ्यांदेखत तो हेरंबसमोर टी-शर्ट घेऊन उभा राहिला.

"तुझ्याशिवाय जमणार नाही," तो म्हणाला. "खालच्या थरात मधोमध तूच. बघ, कुठलंच शरीर वाया जात नाही. तुझंसुद्धा उपयोगी पडतंच की."

गोष्ट सांगणारा दुसरा कोणी असता तर इथे हेरंबचे डोळे भरून आले असते. त्याने खांदे दिले असते, हंडी फुटली असती आणि सगळ्यांनी मिळून त्याचा जयजयकार केला असता. तसल्या गोष्टी पुष्कळ सांगून झाल्या आहेत. त्या म्हणीत हरी पाय धरतो खरा, पण काम झाल्यावर हरी तो हरीच राहतो आणि गाढव ते गाढवच.

हेरंबने टी-शर्ट हातात घेतला. क्षणभर त्याचे मन पाघळले. जे हवे होते ते आपण होऊन दारी आले होते. मग त्याने विचारले, "माझ्या गुडघ्यांत बळ नसतं तर?"

शर्विल फुटलेले कोपर चोळू लागला.

"उद्या हे गुडघे गेले, तर मी पुन्हा लाजिरवाणा ना? तुला माझे खांदे हवेत, मी नकोय. गरज सरली की पुन्हा पाणी मारायला उभा करशील."

"मग तुला हवंय तरी काय?"

"मला नाचायचंय. पुढे. थराखाली मी उभा राहणार नाही."

"अरे, हंडी फुटणार नाही आपल्याकडून."

"नको फुटू दे."

"आणि लोक हसतील त्याचं काय?"

"तुला लोक हसले त्याचा राग तू माझ्या अंगावर काढू नकोस," हेरंब म्हणाला आणि त्याने टी-शर्ट परत दिला.

इरावती उठली. तिने फडके ओले केले आणि दारावरची अक्षरे पुसायला सुरुवात केली. "खोटं लिहिलेलं बरं दिसत नाही," ती म्हणाली. तिने सगळी ओळ पुसली. मग एकेकाने आपला टी-शर्ट आणून बाकावर टाकला. शर्विल वरमला. मनापासून की नाइलाजाने, देव जाणे.

गोपाळकाल्याला पथक ज्याच्या त्याच्या कपड्यांत मैदानात उतरले. हेरंब सगळ्यांच्या पुढे होता. ताशा वाजला तसे कोणीतरी ओरडले, "हत्ती आला, हत्ती." सगळे मैदान हसले आणि हेरंबचे पाय थांबले. हात आपोआप पोटावर गेले, झाकायला. मग त्याला स्वतःच्या त्या हातांचाच राग आला. त्याने ते वर केले आणि तो नाचू लागला. पोट हलले, मांड्या हलल्या, त्याने काही लपवले नाही. इरावती त्याच्या शेजारी आली, खुंटांसकट हनुवटी वर करून. हसणारे बराच वेळ हसले, आणि मग कंटाळून गप्प झाले. नाचणारे नाचतच होते. पथकाने दोन थरांची सलामी दिली आणि ते खाली उतरले. हंडी कॉमर्सच्या पोरांनी फोडली.

संध्याकाळी मेसमध्ये हेरंबने भात घेतला, त्यावर वरण आणि तूप, आणि पुन्हा मागून घेतला. समोर शर्विल उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घेऊन बसला होता. तो बराच वेळ हेरंबच्या ताटाकडे बघत राहिला. शेवटी हळूच म्हणाला, "मलाही भूक लागलीये रे. कधीची लागलीये."

हेरंबचा राग गेला नव्हता. त्याने भाताचे पातेले पुढे सरकवले.

"वाढून घे," तो म्हणाला. "आणि उद्या दारावरचं ते तूच परत लिही. पण लिहून झालं की आधी तूच नीट वाच."

तात्पर्य: शरीर देखणे असले किंवा कोणाच्या कामाला आले तरच मानाचे, असे नसते, ते आपले आहे एवढे पुरे आहे. आणि ज्याला जगाने दाराबाहेर उभे केले, त्याने तरी स्वतःच्या दारात तराजू टांगून बसू नये.