झाकलेली टोपली

फार पूर्वी एका उघड्याबोडक्या कातळावर एक पेठ वसलेली होती. घरं दगडी, अंगणं दगडी. परसात मिरचीचं रोप लावायचं म्हटलं तरी मूठभर माती मिळायची नाही. भाजी यायची ती खालच्या ओढ्याकाठच्या मळ्यातून, एका माळणीच्या डोक्यावरून.

माळीण रोज सकाळी पिंपळाच्या पारावर टोपली उतरवायची, पण तिच्यावरचं ओलं फडकं काढायची नाही. दिवसाची पहिली विक्री, म्हणजे भवानी, तिला कोपऱ्यावरच्या आजीबाईंच्याच हातची हवी असायची. त्यांचा हात लागला की टोपली बघता बघता रिकामी होते, असा तिचा ठाम समज. आजीबाईंनाही याचा केवढा तोरा! ऐटीत यायच्या, मेथीची जुडी उचलायच्या, वर कोथिंबिरीच्या काड्या हक्काने मागून घ्यायच्या. मग बाकीच्या बायकांची झुंबड उडायची.

पुढे पेठेत एका व्यापाऱ्याने मोठं दुकान थाटलं. लांबून गाड्या भरभरून भाजी यायची, स्वस्त मिळायची, शिवाय गुळाचा खडा फुकट. सगळी पेठ तिकडे वळली. आजीबाईही वळल्या. एकदा पदराखाली दुकानातली वांगी घेऊन परतताना त्या नेमक्या माळणीच्या नजरेला पडल्या.

"आजी, भवानी करा ना. केव्हाची थांबलेय."

"आज घरात आहे गं भाजी. उद्या येते हो."

"या बरं का. तुमच्याशिवाय फडकं नाही काढायची मी."

खोटं बोलल्याचं आजीबाईंना वाईट वाटलं, पण ते घरी पोचेपर्यंतच. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागच्या बोळाची वाट धरली. एवढी मोठी पेठ आहे, माझ्या एका जुडीवाचून माळणीचं काय अडणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पेठेतल्या घराघरांत नेमकी हीच समजूत घातली जात होती. माळीण मात्र झाकलेल्या टोपलीशी ऊन डोक्यावर येईपर्यंत बसायची आणि सुकलेली भाजी गाईला घालून निघून जायची. एक दिवस ती आलीच नाही. कोणी साधी चौकशीही केली नाही.

पिंपळाचा पार रिकामा झाला आणि व्यापाऱ्याला आता कोणाशी चढाओढ उरली नाही. त्याने हळूहळू भाजी आणणंच बंद केलं. "हिरवं सडतं हो, नुकसान होतं. तळलेलं, वाळवलेलं कसं टिकून राहतं," तो हसून सांगायचा. फळ्यांवर शेव आली, पापड आले, खारवलेल्या मिरच्या आल्या. पेठेने थोडी कुरकुर केली आणि तेच खायला सुरुवात केली.

काही काळाने आजीबाईंची लहानगी नात दिवेलागणीला ठेचकाळू लागली. तिला उंबरठा दिसेना, समोर उभी असलेली आई दिसेना. वैद्यबुवांनी तिचे डोळे तपासले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रातांधळेपणा आहे. रोज ताजी पालेभाजी पोटात गेली पाहिजे. हयगय केलीत तर दिवसाचंही दिसणार नाही."

आजीबाई नातीचा हात धरून धापा टाकत ओढ्यावर उतरल्या. मळ्याच्या जागी व्यापाऱ्याचं गोदाम उभं होतं आणि विहीर बुजवलेली होती. गोदामाच्या दाराशी माळीण वाळलेल्या मिरच्या निवडत बसली होती.

"बाई, एक जुडी दे गं. कसलीही दे. माझ्या हातची भवानी घे."

माळीण रागावली नाही. तेच आजीबाईंच्या जास्त जिव्हारी लागलं.

"कुठून देऊ, आजी? मळा गेला. विक्रीच होईना, तर ठेवून काय करणार? तुमची फार वाट पाहिली हो मी. उद्या येते म्हणाला होतात."

मग ती उठली आणि गोदामाच्या भिंतीलगत उगवलेली मूठभर घोळीची रानभाजी खुडून तिने आजीबाईंच्या ओच्यात टाकली. "एवढंच उरलंय. पुढं ऊन चढलं की हेही जळून जाईल."

आजीबाई रडत रडत चढण चढू लागल्या. वर पोचेपर्यंत अंधारून आलं. नातीने त्यांचं बोट घट्ट धरलं.

"आजी, आज पेठेत कोणीच दिवे का नाही लावले?"

पेठेत घरोघरी दिवे लागलेले होते.

तात्पर्य: जे रोज आपल्या दाराशी येतं, ते आपण घेतो म्हणून येतं. प्रत्येकाने 'माझ्या एकट्याने काय होतंय' म्हणून पाठ फिरवली, तर गरजेच्या वेळी हाक मारायलाही कोणी उरत नाही.