तराजूत वाटलेलं शास्त्र

पूर्वी, खूप पूर्वी, डोंगरांना अजून कुणी नावंही दिली नव्हती तेव्हा, एका खोल खोऱ्यात पाच घरांचं गाव होतं. गाव प्रभू येशूला मानणाऱ्यांचं. पाचही घरं एकाच म्हाताऱ्याच्या पाच मुलांची होती. म्हातारा तरुणपणी डोंगर ओलांडून इथे आला, तेव्हा त्याच्या एका खांद्यावर बियाण्याची पिशवी होती आणि दुसऱ्या खांद्यावर पवित्र शास्त्र. हाताने लिहिलेलं, जाडजूड, उचलताना धाप लागावी असं. तो होता तोवर रोज संध्याकाळी सगळे त्याच्या अंगणात जमत. तो वाची आणि बाकीचे ऐकत.

म्हातारा गेला आणि भावांनी वाटणी मांडली. शेत वाटलं, गुरं वाटली, पाण्याच्या पाळ्या ठरल्या, भांडीकुंडी मोजून झाली. शेवटी शास्त्र उरलं. ते कुणाच्या घरी राहायचं यावरून बरीच बोलाचाली झाली. धाकटा म्हणाला, "थोरल्या दादाकडे राहू दे. आपण तिथे जाऊन ऐकू." पण थोरल्याच्या अंगणात रोज जायचं म्हणजे रोज थोरल्याचंच ऐकायचं, हे मधल्या तिघांना पटेना.

मग कुणीतरी तराजू आणला. तुम्ही हसाल, पण त्या पाचही शहाण्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. धान्य वाटलं तसंच शास्त्र वाटलं. शिवण उसवली, पानांचे पाच गठ्ठे केले, आणि पारडं जिथे समतोल झालं तिथे हात थांबवला. तिथे बोलणं पुरं झालं आहे की मधेच तुटलं आहे, हे कुणी पाहिलं नाही. वजन बरोबर भरलं, एवढ्यावर सगळे खूश होते.

पुढे भांडण नको म्हणून एक नियमही झाला. ज्याचा वाटा त्याने वाचायचा, दुसऱ्याच्या वाट्यात डोकवायचं नाही. तेव्हापासून संध्याकाळ झाली की पाचही घरांची दारं लागत, आणि प्रत्येक घराचा कर्ता आपली पानं हलक्या आवाजात वाची, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून.

भाऊ गेले, त्यांची मुलं गेली, नातवंडं कर्ती झाली. तोवर ज्या घरात जी पानं, तसं ते घर झालं होतं. थोरल्या घरी देवाच्या आज्ञा आल्या होत्या, त्या घराला सगळ्यांच्या चुका दिसत. दुसऱ्या घरी राजांच्या लढाया आणि लांबलचक वंशावळी होत्या, ती माणसं कुळाचा तोरा मिरवीत आणि बांधावरून भांडत. चौथ्या घरी आनंदाची स्तवनं होती. तिथे टाळ्या वाजवून गाणं चाले. हसरी, गोड माणसं, पण कुणाकडे मयत झालं की तिथे जाऊन काय बोलावं हे त्यांना सुचत नसे, म्हणून ती जातच नसत. धाकट्या घरी प्रभूची कथा होती, त्याचा क्रूस आणि त्याचं मेलेल्यांतून उठणं. त्या घरची माणसं प्रेमळ होती, पण प्रभू नेमका कशासाठी मेला हे त्यांना सांगता येत नसे. पाप कशाला म्हणतात ते थोरल्या घरी कुलपात होतं.

राहिलं तिसरं घर. तिसऱ्या घराच्या वाट्याला विलाप आला.

ज्या काळची ही गोष्ट, त्या काळी तिसऱ्या घरात एकच बाई उरली होती. तिचा नवरा नदीच्या पुरात गेला आणि त्यानंतर तिची एकुलती लेक तापाने गेली. आता घराची कर्ती तीच, म्हणून दिवा लावून, दार लावून रोज तीच वाची. ऐकायला कुणी नसे. तिची पानं म्हणजे दुःखात पडलेल्या एका माणसाचा आक्रोश होता. मित्र सोडून गेले म्हणून तो रडे, अन्न गोड लागत नाही म्हणून रडे, आणि अगदी शेवटच्या पानावर तो देवाला विचारी, की देवा, मी तुला दिसतो तरी का?

तिथे पान संपे. तराजू नेमका तिथेच समतोल झाला होता.

बाई वर्षानुवर्षं त्या प्रश्नापर्यंत येऊन थांबत होती. सुरुवातीला तिला वाटे, ठीक आहे, निदान माझ्यासारखं रडलेलं कुणीतरी आहे. पण एका संध्याकाळी तिच्या मनात आलं, देव उत्तर देतच नसेल तर विचारायचं तरी कशाला? तो विचार येताच ती घाबरली. नवरा गेला, लेक गेली, आता देवही गेला तर या घरात उरणार कोण? तिला दुसरं काही नको होतं. त्या माणसाला देव पुढे काही बोलला का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती चौथ्या घराच्या दारात जाऊन उभी राहिली. तिच्या पानांच्या पुढची पानं त्याच घरी गेली होती. त्या घरचा कर्ता नात्याने तिचा दीर लागे.

"या वहिनी, बसा," तो हसून म्हणाला.

"बसायला नाही आले, भाऊजी. तुमच्या वाट्याचं पहिलं पान तेवढं वाचून दाखवा."

त्याचं हसू जरा कमी झालं. "आमचं पान? वहिनी, आपली वाटणी झालेली आहे."

"पान नको मला. नुसतं ऐकायचंय."

माणूस वाईट नव्हता. त्याने वाचूनही दाखवलं असतं. पण कुणाला वाईट वाटेल असं काही करायची त्या घराला सवयच नव्हती, म्हणून तो म्हणाला, "थोरल्या काकांना विचारून सांगतो." थोरल्या घरचे काका म्हणजे गावातले सगळ्यांत वडील. त्यांनी ऐकलं आणि भुवया चढवल्या. "आज ऐकायला आली, उद्या मागायला येईल," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे आमच्या पानांत स्पष्ट लिहिलंय." आज्ञा खरी होती. काकांनी ती चुकीच्या माणसाला लावली, एवढंच.

बाई परत आली. त्यानंतर गाव तिच्याशी तुटकच वागू लागलं. पाण्यावर ती आली की बायकांचं बोलणं थांबे. नियम मोडायला निघालेली बाई, तिच्याशी सलगी कोण ठेवणार? कधीकधी भाकरी थापताना ती मोठ्याने दोन शब्द बोले, आपला आवाज अजून आहे ना हे बघायला. संध्याकाळी पानं समोर ठेवी, पण शेवटचं पान वाचायचं तिने सोडून दिलं.

मग सुगीच्या दिवसांत चौथ्या घरच्या कर्त्याची बायको गेली. सकाळी शेतावर होती, दुपारी नव्हती. तिला मूठमाती देताना त्या घरच्या माणसांनी रिवाजाप्रमाणे स्तवन सुरू केलं, पण दुसऱ्या ओळीला कर्ता थांबला. टाळी वाजवायला उचललेले हात तसेच राहिले. घरी येऊन त्याने आपला वाटा उघडला. जे पान काढावं ते त्याला आनंद कर म्हणून सांगे. त्याला त्या पानांचा राग आला, आणि रागाची भीतीही वाटली. माणसं भेटायला आली नाहीत. ते घर कधी कुणाच्या दुःखात गेलंच नव्हतं, तर त्यांच्याकडे कोण येणार?

दोन दिवसांनी, ऊन कलतं असताना, तो तिसऱ्या घराच्या दारात येऊन उभा राहिला.

"वहिनी," तो म्हणाला, "तुमच्या पानांत रडणं आहे म्हणतात."

"आहे."

"आमच्याकडे नाही. मला रडताच येईना झालंय."

आता तिला म्हणता आलं असतं, की भाऊजी, वाटणी झालेली आहे. शब्द तिच्या जिभेवर आले होते, आणि खोटं कशाला सांगू, ते बोलून टाकावं असं तिला वाटलंही. पण त्याचा चेहरा तिने पाहिला. असा चेहरा तिने पाण्याच्या घागरीत स्वतःचा कितीदा पाहिला होता. तिने पाट मांडला आणि दार उघडंच ठेवलं.

ती वाचू लागली. तिला ती पानं इतकी सवयीची होती, की अक्षरांकडे बघायचीही गरज नव्हती. दुःखी माणसाचे मित्र सोडून गेले तिथे चौथ्या घरचा कर्ता हुंदका देऊन रडला, आणि मग त्याला कुणी थांबवलं नाही. वाचता वाचता ती शेवटच्या पानावर आली. तिला ते वाचायचं नव्हतं, पण तो ऐकत होता म्हणून तिने वाचलं. देवा, मी तुला दिसतो तरी का?

"पुढे?" त्याने विचारलं.

"पुढे नाही. तेच ऐकायला आले होते मी तुमच्याकडे."

मग त्याचे ओठ हलायला लागले. "आमचं पहिलं पान एकदम मधूनच सुरू होतं," तो हळूच म्हणाला. "कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय. कुणाला, का, काही पत्ता नाही. चाल चांगली आहे म्हणून आम्ही सणावारी म्हणतो."

"म्हणा."

त्याने चाल न लावता, टाळी न वाजवता म्हटलं. शब्द जुन्या वळणाचे होते, पण अर्थ असा होता, की तू मला दिसतोस, तू रडत होतास तेव्हाही दिसत होतास, आणि मी तुला सोडून कुठेही गेलो नव्हतो.

"पुन्हा म्हणा," बाई म्हणाली. त्याने पुन्हा म्हटलं. तिने पदराने डोळे पुसले.

"माझी लेक गेली, त्या दिवशी तुमच्याकडे सण होता," ती म्हणाली. "त्या दिवशीही तुम्ही हेच म्हणत होतात."

"हो वहिनी," तो मान खाली घालून म्हणाला. "टाळ्या वाजवत."

दुसऱ्या दिवसापासून दोघांनी आपापली पानं तिसऱ्या घराच्या अंगणात आणली आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. धाकटं घर लगेच आलं. दुसरं घर कुरकुरत आलं. आपल्या वंशावळीतल्या राजांची रांग प्रभूच्या जन्मापर्यंत जाऊन गोठ्यात थांबते, हे धाकट्या घरच्या पानांतून ऐकल्यावर त्यांचा तोरा बराच उतरला. थोरले काका मात्र आले नाहीत. ते कुंपणापलीकडून येता-जाता ऐकत आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत.

एके संध्याकाळी धाकट्या घरचा माणूस आपली पानं वाचत होता. अपराध्यांना क्षमा करण्यासाठी प्रभूने क्रूस सोसला, तिथे तो आला, तेव्हा काका कुंपण ओलांडून आत आले.

"आज्ञा मोडणाऱ्यालाही क्षमा होते?" त्यांनी विचारलं.

"होते, काका. इथे लिहिलंय."

"माझ्या मुलाने चोरी केली होती," काका म्हणाले. "मी त्याला हाकलून दिलं. माझ्या पानांत पुढचं काही नव्हतं रे."

त्यांनी आपल्या वाट्याचा गठ्ठा अंगणात ठेवला आणि पहाटे मुलाला शोधायला डोंगराची वाट धरली.

ते परत आले ते पुढच्या सुगीला, एकटेच. मुलगा सापडला होता, परक्या गावाच्या दफनभूमीत. बाप कधीतरी बोलवील म्हणून तो बरीच वर्षं डोंगरापलीकडच्या गावातच थांबला होता, असं तिथल्या लोकांनी सांगितलं.

काका आपल्या घरी गेले नाहीत. ते तिसऱ्या घराच्या अंगणात येऊन खाली बसले. ज्या बाईला त्यांनी एक पान ऐकू दिलं नव्हतं, तिच्याकडे त्यांनी मान वर करून बघितलं नाही. ती त्यांच्या शेजारी बसली, पानं मांडीवर घेतली आणि विलाप पहिल्यापासून वाचायला लागली. प्रश्नाशी येऊन ती थांबली, तेव्हा चौथ्या घरचा कर्ता काकांच्या जवळ सरकला आणि पुढचं त्याने म्हटलं.

शास्त्रातलं आपल्या वाट्याचं तेवढंच धरून बसणारा एकटा पडतो. सगळं शास्त्र सगळ्यांसोबत वाचणाऱ्याला देवाचं उत्तर मिळतं, आणि ते काकांसारखं उशिरा नाही, वेळेवर मिळतं.