करंजघाटची म्हाकूबाई

ऐका बरं का. फार फार वर्षांपूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते मला विचारू नका, मी काही तिथे नव्हतो, सोनवट शहराच्या गादीसाठी दोन सावत्र भाऊ भांडायला उठले. थोरला शहरात बसला, धाकट्याने शहराला वेढा घातला. एका बापाची लेकरं, पण फौजा उभ्या केल्या! थोरल्याची माणसं तांबडी पागोटी बांधायची, धाकट्याची पांढरी. बाकी बोली एक, देव एक, घोडीसुद्धा एकाच जातीची.

आपलं करंजघाट शहराच्या वाटेवर. इथल्या उथळ उतारावरून नदी ओलांडली की शहर तीन कोसांवर. म्हणून एका सकाळी इथेच दोन्हीकडच्या शे-दीडशे माणसांची गाठ पडली. मोठ्या लढाईपुढे ही किरकोळच. पण दुपारपर्यंत नदी लाल वाहत होती, असं म्हणतात. पांढरे जिंकले, तांबडे पळाले, पांढरे त्यांच्या मागे धावले. ज्यांना हलता येईना ते दोन्हीकडचे वाळूतच पडून राहिले.

गावात म्हाकूबाई नावाची धनगरीण होती. मेंढरांचे मोडलेले पाय बांबूच्या कामट्या बांधून बसवायची. तोंडाची भारी फटकळ. गाव दारं लावून बसलं, ही मात्र कामट्यांची मोळी घेऊन नदीत उतरली. चाळीस जखमी तिने आपल्या मेंढवाड्यात आणले, एकटीने, पाठीवर घालून, असं म्हणतात. आता एवढ्यांना बांधायला कापड कुठलं? तिने सरळ पागोटी सोडली. पागोटं म्हणजे पुरुषाची इभ्रत! एक जण कण्हत म्हणाला, "बाई, पागोट्याला हात लावू नको."

"गप पड! इभ्रत वाचवू का पाय?"

हाताला आलं ते तिने बांधलं. तांबड्याचं पांढऱ्याला, पांढऱ्याचं तांबड्याला. चाळिसांना बांधून झालं तरी कापड संपेना, असंही म्हणतात.

तिसऱ्या प्रहरी पांढऱ्यांचा सरदार तलवार उपसून आला. "आमची माणसं वेगळी काढ. बाकीच्यांची मुंडकी शहराच्या वेशीपुढे टाकायची आहेत."

"तुम्हीच काढा की," म्हाकूबाई म्हणाली. "मला मेंढरं ओळखता येतात, माणसं नाही."

सरदार पाहू लागला. तोंडं सुजलेली, चिखलाने माखलेली, अंगावर दोन्ही रंग एकत्र. "आमचे कोण?" तो ओरडला. पांढऱ्यांतल्या एकाने जरी बोट दाखवलं असतं, तर निम्मा मेंढवाडा कापला गेला असता.

कोपऱ्यातला एक जण उठून बसला. पांढऱ्यांचाच होता, सरदाराच्या ओळखीचा. शेजारी पडलेल्या तांबड्यानेच सकाळी त्याचा पाय मोडला होता. त्याने शेजाऱ्याकडे पाहिलं.

"सगळे आपलेच आहेत, धनी."

सरदाराला काय कळलं नसेल? चांगलं कळलं! पण त्याने तलवार म्यान केली, स्वतःचं पागोटं सोडलं आणि म्हाकूबाईच्या हातात दिलं.

चाळीसच्या चाळीस जगले. आजही चैत्र वद्य पंचमीला आपल्याकडे प्रत्येक घरातून हातभर कापड म्हाकूआई म्हणून पुजतात त्या दगडापाशी ठेवतात, आणि वर्षभर ज्याचं हाड मोडेल त्याला ते बांधतात. जखमी माणूस दारात आला तर करंजघाटात त्याला कुठला, कुणाचा, असं कुणी विचारत नाही.

त्या चाळिसांत माझाही एक पूर्वज होता. तो वाचला म्हणून मी इथे बसून बडबडतोय. तांबडा की पांढरा? त्याने घरात कधी सांगितलं नाही, आणि सात पिढ्यांत आमच्यापैकी कुणी विचारलं नाही. तुझे फार उपकार आहेत गं, माये.