साक्षीला आलेलं झाड

“तोडलेल्या झाडांपैकी एकाने तरी उद्या दुपारपर्यंत दरबारात उभं राहून साक्ष द्यावी! नाही दिली, तर राखणदारीण गोजराक्काने राज्य सोडून चालतं व्हावं, आणि वाघजाईचं उरलेलं रानही नेमाशेटच्या ताब्यात जावं!”

करवंदगडच्या रणधवल राजाने सज्जात उभं राहून एवढा निवाडा दिला आणि तो जेवायला गेला.

गोजराक्काचा गुन्हा एवढाच, की तिला डोळे होते. सहा महिन्यांपूर्वी राजाने रानाचे सगळे राखणदार एका हुकमासरशी घरी बसवले. “राखणदार पोसायचे कशाला? लाकूड तोडायचा परवाना ज्याला दिलाय, त्यालाच रान सांभाळू द्या! ज्याचं पोट रानावर, तो रानाला जपणारच!” युक्तिवाद इतका सुंदर होता की प्रधानजींनी दोनदा मान डोलावली.

तेव्हापासून कोणतं झाड पाडायचं हे परवानेदार नेमाशेट ठरवत, पाडतही तेच, आणि सगळं नियमाप्रमाणे झालं का हे पाहायलाही तेच जात. एकदा तक्रार आली, तर चौकशीलाही राजाने त्यांनाच नेमलं. नेमाशेटनी स्वतःला समोर बसवून कडक प्रश्न विचारले, स्वतःची समाधानकारक उत्तरं ऐकून घेतली आणि स्वतःला सन्मानाने सोडून दिलं. तोवर रानाचा खालचा भाग इतका मोकळा झाला होता की डोंगरावरून थेट नदीपलीकडची गावं दिसायला लागली. नेमाशेटनी अहवालात लिहिलं, ‘देखावा सुधारला आहे.’

गोजराक्का राजाकडे गेली होती ती हेच सांगायला. बियाण्यासाठी राखलेले जुने सागही गेले होते.

“कोणी पाहिलं?” नेमाशेट म्हणाले. “तिथं पाहणारा माणूस मीच!”

“हे मात्र खरं,” राजा म्हणाला, आणि त्याने झाडांनाच साक्षीला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी गोजराक्का रिकाम्या हातांनी नव्या सभामंडपाच्या दारात येऊन उभी राहिली. उत्तर काही सुचलं नव्हतं. मंडप बांधून पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. त्याचे, वरच्या टोकाला पितळी पट्ट्या ठोकलेले बारा सागवानी खांब नेमाशेटनी राजाला नजर केले होते, आणि येईल त्या पाहुण्याला राजा ते कौतुकाने दाखवत असे.

आत शिरता शिरता तिने जवळच्या खांबाला मिठी मारली. वीस वर्षं रानात काढलेल्या बाईची ती सवयच होती. खोड दिसलं की कवेत घेऊन जाडी पाहायची. कमरेशी तिच्या हातांची बोटं जुळली. हात डोक्यापर्यंत वर नेले, तर बोटं जुळेनात! तिने मान वर केली. खांब वर जाईल तसा जाड होत गेला होता.

गोजराक्काने पदर खोचला.

“काय गं, आला का तुझा साक्षीदार?” राजाने विचारलं.

“माझ्या आधी येऊन उभा आहे, महाराज!”

“कुठं?”

“हा काय!” तिने खांब थोपटला. “बिचाऱ्याला डोक्यावर उभं केलंय, म्हणून बोलता येत नव्हतं.”

नेमाशेट मोठ्याने हसले. “महाराज, बाईचं डोकं फिरलं! अहो, हे सागवान मी समुद्रापलीकडून आणलंय!”

“तिकडं झाडं बुंध्याशी बारीक आणि शेंड्याशी जाड असतात का हो, शेट?”

“असतील! तिकडची हवा वेगळी!”

“हवा तिकडची, पण सुतार तर इथलाच ना? इथला सुतार शेंडा खाली करून खांब रोवत नाही. असा खांब घराला धार्जिणा नसतो म्हणतात. मग त्याला उलटा रोवायला लावला कोणी?”

उत्तराची वाट न पाहता गोजराक्का राजाकडे वळली.

“महाराज, बियाण्याच्या झाडावर आम्ही राखणदार कमरेइतक्या उंचीवर चंद्रकोरीचा ठसा मारतो. तो इतका खोल असतो, की तासून काढायला जावं तर लाकडाला खळगा पडतो. खांब सरळ रोवला असता, तर ठसा आपल्या डोळ्यांसमोर आला असता. म्हणून झाडच उलटं केलं, आणि वर त्या पितळी पट्ट्या ठोकल्या. एक पट्टी काढून बघा!”

“पट्टी काढू नका!” नेमाशेट ओरडले. “अपशकुन होईल!”

“होईल ना, पण तुम्हाला!”

शिडी आली. सेवकाने पट्टी उचकटली. खाली चंद्रकोर होती, टोकं जमिनीकडे करून लटकलेली. राजाने दुसरी पट्टी काढायला लावली, मग तिसरी. असं करत बारावा खांबही झाला. बाराही चंद्र उलटे!

“नेमाशेट,” राजा मिशी चावत म्हणाला, “याची चौकशी व्हायला हवी.”

“करतो ना, महाराज! आत्ता करतो!”

सभा फिस्सकन हसली.

“राहू द्या,” राजा म्हणाला. “पण रानाची जबाबदारी तुम्ही हौसेनं घेतलीत, ती काढून घेणं बरं दिसत नाही. उद्यापासून कावडीनं पाणी वाहा आणि सागाची रोपं वाढवा. पाणी नीट घातलंत का, हे गोजराक्का पाहील!” मग तो तिच्याकडे वळला. “शाब्बास, गोजराक्का! तुझ्या बुद्धीला तोड नाही! माग, काय हवं ते माग!”

“महाराज, आत्ता जे बोललात तेच द्या. माझ्या बुद्धीला नको, तिचं मी बघून घेईन. वाघजाईच्या रानाला द्या!”

“मी काय बोललो?”

“तोड नाही!”

राजा असा काही खदखदून हसला, की सावरता सावरता पगडी प्रधानजींच्या मांडीवर जाऊन पडली. हातातलं चांदीचं कडं काढून त्याने गोजराक्काला दिलं, सगळे राखणदार कामावर परत बोलावले, आणि डोळे पुसत पुसत कारकुनाला म्हणाला, “लिही रे, मोठ्या अक्षरात लिही! वाघजाईच्या रानाला तोड नाही!”