परांचीवरची गाठ

घाटमाथ्यावर, ढगांच्या शेजाराला, एक गाव होतं. तिथलं धुकं असं दाट की सकाळी बाहेर पडलेल्या माणसाला आपलाच हात परका वाटे. घाट चढून येणारे वाटसरू त्या धुक्यात वाट चुकत. काहीजण दरीच्या अंगाला जात आणि परत येत नसत. म्हणून तिथल्या राजानं ठरवलं, माथ्यावर एक उंच मनोरा बांधायचा आणि त्याच्या टोकाला दिवा ठेवायचा.

काम सटवाजी मिस्त्रीकडे आलं. गावात बांधकाम जाणणारी माणसं थोडी. जो येईल त्याला मिस्त्रीनं ठेवून घेतलं, पण एक अट घातली. आधी शिकायचं, मग मनोऱ्याला हात लावायचा.

त्या माणसांत भुजंगा नावाचा एक डोंबारी होता. आजवर तो गावोगाव फिरून दोरावर चालण्याचे खेळ करत आला होता. त्याची बायको बायजा खाली ढोलकी वाजवी आणि तो वर हवेतून चाले. लोक माना वर करून श्वास रोखून बघत. ते वर वळलेले चेहरे पाहिले की भुजंगाला वाटे, आपण माणूस नाही, पाखरू आहोत. पण आता घरात लेकरू आलं होतं. बायजा म्हणाली, "पुरे झाली भटकंती. कुठंतरी एका जागी चूल मांडू." म्हणून तो मनोऱ्यावर आला.

मिस्त्रीची शाळा जांभळीच्या झाडाखाली भरे. चुना कसा मळायचा, विटा रचण्याआधी पाण्यात का बुडवायच्या, ओळंब्याची दोरी सोडून भिंत सरळ आहे का ते कसं बघायचं, डोईवर घमेलं घेऊन कसं चढायचं, असं सगळं तो शिकवी. पण त्याचा सगळ्यांत जास्त वेळ जाई तो गाठीवर. उंच भिंत रचायची तर गवंड्याला उभं राहायला जागा लागते. त्यासाठी भिंतीबाहेर बांबूंची परांची उभी करतात. उभे बांबू, आडवे बांबू आणि त्यांवर फळ्या. तो सगळा डोलारा काथ्याच्या दोरीनं बांधलेला असतो. मिस्त्री दोरी हातात देई आणि म्हणे, "बांधा." बांधून झालं की म्हणे, "सोडा. आता पुन्हा बांधा."

भुजंगाच्या शेजारी धुरपदाबाई बसे. तिला उंचीची फार भीती. शिडीवर पाय ठेवला की ती डोळे मिटून घेई. गाठ बांधताना मात्र ती तान्ह्या पोराला झोपवावं तशी मन लावून बसे. दोरीचे वेढे घ्यायची, पीळ द्यायची, ओढून बघायची.

भुजंगाचं लक्ष ढगांकडे असे. तो एकदा म्हणाला, "मिस्त्री, मला गाठ कशाला शिकवता? मी तर नुसत्या दोरावर चालतो."

"चालतोस खरा," मिस्त्री म्हणाला, "पण बांधता येते का ते दाखव."

भुजंगानं कशीबशी बांधून दाखवली. दिसायला ती बरी दिसत होती. मिस्त्रीला त्याच वेळी चुन्याच्या घाण्याकडे बोलावणं आलं आणि ती गाठ ओढून बघायची राहून गेली.

मनोरा वाढू लागला. दर सकाळी तो धुक्यात बुडालेला असे आणि ऊन चढलं की हळूहळू वर येई, जणू कुणी त्याला झोपेतून उठवत आहे. वरच्या मजल्यांची परांची बांधायला मिस्त्री भुजंगालाच पाठवी, कारण इतरांना तिथं घेरी येई. भुजंगा खारीसारखा सरसर चढे. पायांखालून ढग वाहत असत, दूरवर डोंगरांची टोकं बेटांसारखी तरंगत असत. त्याला खाली यावंसंच वाटत नसे. बांबू बांधताना तो दोरीचे वेढे कमी घेई आणि शेवटचा पीळ तसाच सोडून देई. फळी त्याच्या पायाखाली जराशी हलली तर हलली. हलत्या वाटेवर चालणं तर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

एके दिवशी दुपारची भाकरी खाऊन माणसं पुन्हा कामाला लागली. तेवढ्यात दरीतून धुक्याचा लोट आला आणि मनोरा दिसेनासा झाला. भुजंगा पायथ्याशी पाणी पीत होता. धुकं क्षणभर विरळ झालं आणि पाणी पिता पिता त्याला वर काहीतरी दिसलं. पांढऱ्या धुक्यात, डोईवर घमेलं घेतलेली एक सावली अगदी सावकाश चढत होती. ती धुरपदाबाई होती. वर चुना संपला होता, दुसरं कुणी मोकळं नव्हतं, म्हणून ती घेऊन निघाली होती. तिची वाट वरच्या फळीवरून जात होती. ती फळी ज्या बांबूवर टेकली होती, तो त्यानंच बांधला होता.

भुजंगाच्या हातातलं भांडं गळून पडलं. हाक मारावी तर बाई दचकेल, पाय चुकेल. त्यानं हाक मारली नाही. तो बाहेरच्या बाजूनं, उभ्या बांबूला धरून चढू लागला. आयुष्यात पहिल्यांदा चढताना त्याचे हात घामेजले होते.

तो पोहोचला तेव्हा ती फळीच्या मध्यावर आली होती. धुक्यानं भिजलेली दोरी इंच इंच सरकत होती. आडवा बांबू एका बाजूनं खाली कलला होता. भुजंगानं उभ्या बांबूला पायांची मिठी मारली आणि आडव्या बांबूखाली खांदा दिला.

"कोण आहे खाली?" वरून घाबरा आवाज आला.

"मी भुजंगा. थांबू नका मावशी. नीट पुढं जा आणि भिंतीशी बसा."

फळीवरची पावलं सरकत पुढं गेली. एकेका पावलाचं वजन त्याच्या खांद्यात उतरत होतं. ती भिंतीपाशी पोहोचली तशी त्यानं सुटलेली दोरी हातात घेतली. आणि तो थबकला. दोरी हातात होती, पण बोटांना पुढं काय करायचं ते ठाऊकच नव्हतं.

"मावशी," तो म्हणाला, "गाठ मी नीट बांधली नव्हती. मला ती येत नाही."

मग धुरपदाबाई पोटावर आडवी झाली, सरपटत कडेला आली. तिचे डोळे मिटलेले होते. खाली बघायची तिची छाती होत नव्हती. पण हात बाहेर आले, त्यांनी दोरी चाचपली, वेढे घेतले, पीळ दिला आणि ओढून बघितलं. "सोड आता खांदा," ती म्हणाली. बांबू जागचा हलला नाही.

दोघं खाली उतरली. धुक्यामुळं कुणी काही पाहिलं नव्हतं. धुरपदाबाई पदरानं तोंड पुसत होती. मग ती आपल्या कामाकडे वळली. मनोरा पुरा होत आला होता. टोकावरचा शेवटचा चिरा कोणी बसवायचा हे मिस्त्री दुसऱ्या दिवशी सांगणार होता आणि सगळे म्हणत होते, तो मान भुजंगाचाच. गप्प राहिलं की झालं. भुजंगानं कान दिला. वर कुणा गवंड्याच्या थापीची ठकठक चालली होती. त्या माणसाच्या पायाखालचा बांबूही त्यानंच बांधलेला होता.

तो मिस्त्रीपुढं गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माणसं खाली बोलवा. वरच्या गाठी कच्च्या आहेत. कुठं कुठं आहेत ते मी दाखवतो."

मिस्त्रीनं आधी माणसं उतरवून घेतली. मग तो म्हणाला, "तुझी गाठ ओढून बघायची मी चुकलो, ती चूक माझी. पण आजपासून तू परांचीवर नाहीस. जांभळीखाली जा."

भुजंगानं दाखवलेल्या गाठी पुन्हा बांधल्या गेल्या आणि टोकाचा चिरा दुसऱ्यानंच बसवला. भुजंगा जांभळीखाली धुरपदाबाईसमोर बसून दोरी बांधत आणि सोडत होता. आधी त्याला लाज वाटे. पुढं बोटं शांत, सराईत होत गेली.

राजानं मग दिव्याभोवती सज्जा बांधायला सांगितलं. पुन्हा परांची लागली आणि मिस्त्रीनं भुजंगाला वर पाठवलं. ती सकाळ धुक्याची होती. मनोरा नव्हता, जमीन नव्हती, नुसता पांढरा उजेड होता. त्याला बघणारं कुणीही नव्हतं. भुजंगानं वेढे घेतले, पीळ दिला, सगळं अंग टाकून प्रत्येक गाठ ओढून बघितली. एक मनासारखी वाटली नाही, ती सोडून पुन्हा बांधली. मग त्यानं खाली हाक दिली, "या."

धुक्यातून माणसं एकामागून एक वर आली. डोईवर चुना, विटा, पाणी. कुणी घरच्या गोष्टी बोलत होतं, कुणी ओवी गुणगुणत होतं. फळीवरून जाताना एकानंही पायाखाली पाहिलं नाही. भुजंगा बांबूला टेकून ती पावलं ऐकत राहिला.

तात्पर्य: आपला तोल आपल्यापुरता असतो, पण आपण बांधलेल्या गाठीवर दुसऱ्यांचा जीव असतो. म्हणून कामाची पहिली अक्षरं कितीही सोपी वाटली, तरी ती मन लावून गिरवावीत.