पितळी मोराच्या राज्यातले बारसे

एका राज्यात दुःख नव्हते. राजवाड्याच्या कळसावर एक पितळी यंत्रमोर होता. रोज सूर्य मावळताना तो पिसारा फुलवी आणि नगरातले सारे दुःख शोषून घेई. त्या दुःखाचे मोती होऊन तळघरात पडत. ते मोती धूम्राक्ष जादूगार नेई, कारण मोर त्यानेच घडवला होता. लोक हसत उठत, हसत निजत.

त्या राज्याच्या वज्रसेन राजाला पुत्र झाला. बारशाला राजाची थोरली बहीण कुमुदिनी सासरहून आली. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचे आणि सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे, अशी रीत. म्हणून ती पाठीला आधीच तेल चोळून आली होती.

ती पाळण्यावर वाकली. बाळ वाळल्या पानासारखे दिसत होते. ओठ कोरडे पडले होते. तरी ते हसत होते.

"इरावती, याला पाजलंस कधी?"

"आठवत नाही, वन्सं," राणी हसून म्हणाली. "तो रडलाच नाही. मग कळणार कसं?"

"अगं, आईला कळतं!"

"काळजी असली तर कळतं. ती मोर नेतो ना."

कुमुदिनीने बाळाला राणीच्या छातीशी धरले. बाळ प्यायले नाही. भूक हेही दुःखच. तेही मोराने नेले होते.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "आत्याबाई, सूर्य मावळला की तुम्हीही अशाच हसत बसाल. मोराच्या गळ्याशी कळ आहे. ती फिरली की यंत्र थांबेल. वाटेत तीन दारे आहेत. पहिली दोन काही देऊ करतील, ते घेऊ नका. तिसऱ्या दारी मात्र तुम्हालाच मागावे लागेल."

"तू कशी शुद्धीवर राहिलीस?"

"मी मोराच्या पाठीमागे राहते. पिसारा पुढे फुलतो."

कुमुदिनीने बाळाला पदरात बांधले आणि ती जिना चढू लागली.

पहिले दार म्हणाले, "तुझे केस काळे करीन."

"पिकवायला जन्म गेलाय," असे म्हणून ती पुढे गेली.

दुसरे दार तिच्या वारलेल्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाले, "कुमुद, बैस जरा. मी गेलो, हे विसरशील."

तिचा पाय अडला. डोळे भरून आले.

"तेच विसरले तर तुमची आठवण तरी कशी काढू?" ती म्हणाली आणि डोळे न पुसताच वर गेली.

तिसरे दार उघडेच होते. मोराखाली राजा बसला होता. कुमुदिनीने कळ धरली. कळ हलेना.

"मोर मी बसवून घेतला. ती माझ्याच हाताने फिरते," राजा म्हणाला.

"मग फिरव, वज्रा."

"कशाला, ताई? माझी लेक गेली तेव्हा मी भिंतींवर डोकं आपटत होतो. आता बघ, सुखात आहे."

"तिचं नाव काय होतं?"

राजा हसला. पुन्हा हसला. नाव आले नाही.

"मीच ठेवलं होतं," कुमुदिनी म्हणाली. "बायकांना बाजूला सारून तू असा धपाटा घातलास, की मला कित्येक दिवस उताणं निजता येईना."

"सांग ना नाव."

"सांगणार नाही. तुझं तू आठव." तिने बाळ त्याच्या हातांत दिले. दोन्ही हात भरले, पण ओझे लागले नाही. तिच्या गालावरचा थेंब त्याच्या मनगटावर पडला. तो ऊन होता.

वर पिसे करकरू लागली. सूर्य टेकला होता.

"फिरवली तर दुखेल?"

"दुखेल."

"फार?"

"फार. मी शेजारी बसते."

राजाने कळ फिरवली. मोर अर्ध्या पिसाऱ्यावर थांबला.

"रोहिणी!" राजा ओरडला आणि बहिणीच्या खांद्यावर कोसळला.

खाली सारे नगर रडू लागले. तळघरातले मोती विरघळून खारे पाणी झाले. गोणी घेऊन आलेला धूम्राक्ष गुडघाभर भिजला आणि रिकाम्या हातांनी सीमेपार पळाला. एवढ्यात बाळाने तोंड उघडले आणि असा टाहो फोडला, की कळसावरची कबुतरे उडाली. इरावती जिना चढत धावली. तिची चोळी दुधाने भिजली होती.

बारसे दुसऱ्या दिवशी झाले. कुमुदिनीने बाळाच्या कानात "घननाद" असे नाव सांगितले. पहिला धपाटा राजाने घातला.

"ताई, लागलं का गं?"

"लागलं की," ती डोळे पुसत म्हणाली. "रोहिणीच्या वेळी याहून जोरात घातला होतास. घाल अजून एक."

बाळ पोटभर पिऊन निजले. कहाणीही त्याच्या उशाशी निजली.